पिल्लं मोठी झाली की आईची माया उतरते का?

गच्चीवरची
जाणकारांसाठी प्रश्न आहे. बाकीच्यांनी मतं ठोकायलाही हरकत नाही.

आमच्या गल्लीतली भटकी कुत्री, राणी, जिन्याखाली व्यायली. सुरुवातीला तिने रोजच्या दूधवाल्यालाही जिना चढू दिला नाही. पिल्लू गटाराकडे सरकलं की मानगूट धरून परत. खायला टाकलं तर दोन घास गिळून पळत पिल्लांकडे. आता पिल्लं चपला फाडण्याएवढी झालीत आणि हीच बाई पोळीच्या तुकड्यावरून त्यांच्यावर दात काढते. प्यायला आली की उठून चालू लागते. शेजारच्या आजी म्हणाल्या, "जनावराची माया दूध आहे तोवर."

मला ते पटलं नाही, पण उत्तरही सुचलं नाही. आईपण म्हणजे ऑक्सिटोसिन नावाचं हार्मोन, असं जिथे तिथे वाचायला मिळतं. मग ऑक्सिटोसिन ओसरलं की आईपण ओसरलं, असं असतं का? की आधी एक रसायन, मग दुसरं, असा काही क्रम असतो? आणि पुढच्या वेताला ती सगळं नव्याने शिकते की आधीचं लक्षात राहतं?

निशाचर
वाचतोय. वाचनखूण साठवली आहे.

खडूस_काका
आमच्या हिचं ऑक्सिटोसिन चिरंजीव दहावीत गेल्यावर ओसरलं. तेव्हापासून घरात पोळीवरून नाही, पण मोबाइलवरून रोज दात काढणं चालू असतं. हलके घ्या.

मेधा_के
काका, वहिनींना लिंक पाठवू का?

उंदीरमामा
माझं पोट प्रयोगशाळेतल्या उंदरांवर चालतं, म्हणून बोलतो. प्रतिसाद लांबेल.

"आईपण म्हणजे ऑक्सिटोसिन" हे वाक्य आधी बाजूला ठेवा. कधीही न व्यायलेली उंदराची मादी पिल्लांना चक्क घाबरते. वास आला तरी लांब कोपऱ्यात जाऊन बसते, कधीकधी मारूनही टाकते. पण तिच्या पिंजऱ्यात रोज ताजी, पोट भरलेली पिल्लं ठेवत गेलं तर साधारण ५ ते ७ दिवसांत ती बदलते. घरटं करते, पिल्लं तोंडात धरून आणते, चाटते, आणि दुधाचा थेंब नसताना पाजायला बसल्यासारखी त्यांच्यावर कमान करून बसते. जे रोझेनब्लाट यांनी अमेरिकेत रटगर्स विद्यापीठात हे केलं, १९६७ साली 'सायन्स'मध्ये छापलं. अंडाशय काढलेल्या माद्या, पिट्युटरी (मेंदूखालची हार्मोनची ग्रंथी) काढलेल्या माद्या, इतकंच काय, नरसुद्धा याच वाटेने गेले.

मग हार्मोन कशाला? घाईसाठी. जन्मलेली पिल्लं आईची भीती जाईपर्यंत आठवडाभर जगणार नाहीत. त्यामुळे निसर्गाने ती मुदत शून्यावर आणली. गर्भारपणात प्रोजेस्टेरॉन चढं असतं, विण्याच्या तोंडावर ते कोसळतं, इस्ट्रोजेन आणि दूध तयार करवणारं प्रोलॅक्टिन वर जातात, कळांबरोबर ऑक्सिटोसिन येतं. टर्केल आणि रोझेनब्लाट यांनी पुढे नुकत्याच व्यायलेल्या मादीचं रक्त न व्यायलेल्या मादीत फिरवलं, तेव्हा तीही एका दिवसाच्या आत पिल्लं सांभाळायला लागली. हे सगळं मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागात जाऊन काम करतं. तिथल्या मिडियल प्रीऑप्टिक एरियाला इजा केली की चांगली आईसुद्धा पिल्लं उचलून आणायची थांबते. हे मायकेल नुमन यांनी १९७४ साली दाखवलं.

आता काळाचा मुद्दा, जो मूळ प्रश्नात आहे. ऑक्सिटोसिन अडवणारं औषध विण्याच्या वेळी मेंदूत दिलं तर आईपण सुरू व्हायला उशीर होतो. तेच औषध आईपण नीट सुरू झाल्यावर काही दिवसांनी दिलं तर पिल्लं गोळा करण्यात फरक पडत नाही. हार्मोन म्हणजे गॅसचा लायटर. पेटवायला लागतो, नंतर ओट्यावर पडून राहिला तरी चालतं. पुढे ज्योत चालते ती पिल्लांच्या स्पर्शावर, वासावर, आवाजावर.

राणीच्या दात काढण्याकडे नंतर येतो. सध्या खऱ्या उंदरांना खायला घालायची वेळ झाली आहे.

गुगली
आमचा लायटर आठ वेळा खटखट केल्याशिवाय पेटत नाही. ती ५ ते ७ दिवसवाली मादी आमच्याच घरची असणार.

अनुराधा_म
मामा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मला बारा वर्षांपूर्वी कोणी हे सांगायला हवं होतं.

सिझर झालं, बाळ शेजारी आणून ठेवलं आणि मला काहीही वाटलं नाही. टाके दुखत होते, झोप हवी होती. भेटायला येणारी प्रत्येक बाई म्हणायची, "बघ, आतून आपोआप येतं." माझ्यात काही तुटकं आहे असं वाटून मी न्हाणीघरात रडायचे. आलं, पण लंगोट बदलता बदलता, रात्री खांद्यावर घेऊन फेऱ्या घालता घालता आलं. कुठल्या दिवशी ते सांगता येणार नाही. तेव्हा माझं म्हणणं एवढंच, की "सगळं हार्मोनच करतात" हे जितकं खोटं, तितकंच "आईला जन्मजात कळतं" हेही.

सृजा
अनुराधाताई, +१००. माझी लेक मला ती दहा महिन्यांची असताना मिळाली, दत्तक. मला कळा नाहीत, चीक नाही. रोझेनब्लाटच्या त्या दूध नसताना कमान करून बसणाऱ्या उंदरीण बाईंना माझा साष्टांग नमस्कार. लेकीला वाचून दाखवलं तर म्हणते, "म्हणजे मी पिल्लू आणि तू घाबरलेली उंदीर?" हो गं बाई.

मेधा_के
सृजा, लेक भारी आहे.

माणसांवरचंच एक सांगते. इस्रायलमध्ये रूथ फेल्डमन यांच्या गटाने २०१४ साली, आई नसलेल्या घरात बाळाला वाढवणाऱ्या पुरुष जोडप्यांचे मेंदू पाहिले. बाळाची मुख्य देखभाल करणाऱ्या या वडिलांचा अमिग्डाला, म्हणजे मेंदूतला भावनांशी जोडलेला भाग, आयांच्या वळणावर गेलेला होता. आणि जितका वेळ बाळासोबत, तितका त्याचा मेंदूतल्या दुसऱ्या एका, माणसं ओळखण्याच्या भागाशी धागा घट्ट.

डॉ_गोठा
मी पशुवैद्य. मामांचं उंदराच्या बाबतीत खरं असेल, पण मेंढी पाहिलीत तर हार्मोनला इतकं सहज ओट्यावर ठेवणार नाही.

उंदराला कोणाचंही पिल्लू चालतं. मेंढीला फक्त स्वतःचं. कळपात एका वेळी पन्नास कोकरं असतात, जन्मल्यावर तासाभरात उभी राहून हिंडायला लागतात. म्हणून मेंढी विल्यानंतर साधारण दोन तासांत आपल्या कोकराचा वास शिकते आणि मग परक्याला ढुशी मारून हाकलते. हा दरवाजा उघडतो कोकरू जन्ममार्गातून सरकतं तेव्हा. त्या ताणाचा निरोप मेंदूत जातो, तिथे ऑक्सिटोसिन सुटतं, आणि वास ओळखणाऱ्या भागात नॉरॲड्रेनलिन हे रसायन वाढून नेमका तो वास पक्का बसतो. केंब्रिजकडचे बॅरी केव्हर्न आणि कीथ केंड्रिक यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. मेंढीला कमरेत भूल देऊन तो निरोप अडवला की ओढ लागण्यात अडथळा येतो. उलट, आपलं कोकरू ओळखून बसलेल्या मेंढीच्या जन्ममार्गाला हाताने पाच मिनिटं ताण दिला तर ती परकं कोकरूही घेते. १९८३ सालचं काम आहे. लगेच कोकराला बाजूला नेलं आणि बरेच तास गेले, तर पुष्कळ मेंढ्या त्याला घेतच नाहीत.

म्हणजे लायटर तर आहेच, पण तो कोणत्या भांड्याखाली पेटला हेही मेंढी लक्षात ठेवते.

खडूस_काका
अनुराधाताईंनी सिझर म्हटल्यावर लगेच भूल आणली डॉक्टरांनी. बायकांना घाबरवू नका हो.

डॉ_गोठा
काका, बरं झालं बोललात. मेंढीचं मेंढीपाशी. माणसाची आई वासावर अशी अडकून पडत नाही. तिच्याकडे डोळे, बोलणं, मांडी आणि महिनोन्महिने आहेत. त्यामुळे अनुराधाताईंचा अनुभव मला अगदी बरोबर वाटतो.

तांबडी_माती
आमच्या घरात मेंढरं होती, आजोबा चार महिने वाडा घेऊन कोकणात उतरायचे. मेंढी कोकराला घेईना तर तिला कोपऱ्यात दोरीने आखूड बांधायची, मागून कोकरू लावायचं, ते पिऊ लागलं की आजोबा शेपटीकडचा भाग मेंढीच्या नाकापुढे धरायचे. मेंढी कोकराचा वास तिथेच घेती. कोकराच्या अंगावर मीठ चोळायचे, की ती चाटायला लागावी. मेलेल्या कोकराचं कातडं दुसऱ्या पोरक्या कोकराला घालायचं, हेही केलेलं बघितलंय. झबलं घातल्यासारखं दिसायचं. त्यांना नॉरॲड्रेनलिन माहीत नव्हतं पण "नाकातून माया जाते" असं म्हणायचे.

एक कोकरू मात्र कशानेच घेतलं नाही तिने. ते बाटलीवर वाढलं आणि आजीच्या मागे स्वयंपाकघरात यायचं.

निशाचर
कातड्याचं झबलं! अंगावर काटा आला. गाई-म्हशींनाही भुसा भरलेलं वासरू दाखवतात ना?

तांबडी_माती
होय. वासरू गेलं की गाय पान्हा चोरते. भुसा भरलेलं वासरू पुढ्यात ठेवलं की चाटत उभी राहते आणि धार निघते. आता कोण एवढं करतंय, इंजेक्शन टोचतात.

गुगली
आला विषय. तेच ऑक्सिटोसिन ना? म्हणजे टोचलेली म्हैस प्रेमाने दूध देते?

डॉ_गोठा
नाही. हाच घोटाळा लोक नेहमी करतात. ऑक्सिटोसिनची दोन कामं दोन जागी आहेत. रक्तातलं ऑक्सिटोसिन कासेतल्या बारीक स्नायूंना आवळतं, पान्हा सुटतो. ते काही मिनिटंच टिकतं आणि रक्तातून मेंदूत जेमतेम शिरतं. ओढ लावणारं ऑक्सिटोसिन मेंदू आतल्या आत सोडतो. म्हणून इंजेक्शनने कास रिकामी होते, रेडकाबद्दल म्हशीला त्याने काहीही वाटत नाही. रोज टोचलेल्या म्हशीला पुढे इंजेक्शनशिवाय पान्हा सोडायची सवय राहत नाही.

गैरवापरावर उपाय म्हणून केंद्राने २०१८ साली खासगी कंपन्यांना हे औषध बनवायला बंदी केली, फक्त कर्नाटकातल्या एका सरकारी कंपनीला परवानगी ठेवली. डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला, मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. कारण साधं आहे: बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवायला हेच औषध लागतं, ते एकाच कारखान्यावर टांगून ठेवणं धोक्याचं. गोठ्यात इंजेक्शनाऐवजी वासरू पुढे बांधा, कास कोमट पाण्याने धुवा, रोज तीच वेळ आणि तोच माणूस ठेवा. नव्या माणसाने आरडाओरडा केला की ॲड्रेनलिन चढतं आणि पान्हा अडतो.

खडूस_काका
गाईचा धागा झाला. धागाकर्ती कुत्री घेऊन आली होती.

गच्चीवरची
चालू द्या काका, मी वही घेऊन बसलेय. पण मामा, दात काढण्याचं राहिलं.

उंदीरमामा
आलो.

डॉक्टर, मेंढीबद्दल तुमचं मान्य. पण माझा मुद्दा सुरुवातीचा नव्हता, पुढच्या दिवसांचा होता, आणि तिथे मी ठाम आहे. उंदराची पिल्लं साधारण दोन आठवड्यांनी डोळे उघडतात, स्वतः हिंडतात. तोवर आईचं उचलून आणणं, अंगाखाली घेणं कमी कमी होत जातं. घरट्याजवळ येणाऱ्यावर तुटून पडणंही. आता समजा मी ती पिल्लं काढून दुसऱ्या आईची कोवळी पिल्लं ठेवत गेलो. तर तीच मादी आईपण चालू ठेवते, दूधही नेहमीच्या मुदतीच्या कितीतरी पुढे टिकतं. १९३३ पासून असे प्रयोग झालेत. थोडक्यात, घड्याळ आईच्या मेंदूत एकटं चालत नाही. चावी पिल्लांकडे असते. ती लहान, केसहीन, चूं चूं करणारी आणि सडाला लागलेली असली की प्रोलॅक्टिन वर राहतं. मोठी झाली, दातांनी ओढायला लागली, की तोच मेंदू वेगळं वागतो.

आणखी एक, कारण हे आवडतं सांगायला. जोन मॉरेल यांच्या प्रयोगशाळेत आई झालेल्या उंदरांना दोन खोल्यांत निवड दिली. एका खोलीत आधी पिल्लं भेटलेली, दुसरीत कोकेन. विल्यानंतर आठव्या दिवशी बहुतेकींनी पिल्लांची खोली निवडली. सोळाव्या दिवशी बहुतेकींनी कोकेनची. २००१ सालचा निबंध. पिल्लं म्हणजे मेंदूच्या बक्षीस देणाऱ्या भागात डोपामीन, आणि ते बक्षीस पिल्लांच्या वयानुसार लहान होत जातं. तेव्हा आजींचं "दूध आहे तोवर" उलटं करून वाचा. माया आटते म्हणून आई दूर होते असं कमी, पिल्लू बदलतं म्हणून मायेचं रूप बदलतं असं जास्त.

गुगली
सोळाव्या दिवशी कोकेन. बारावीचा निकाल लागेपर्यंत मानवी आई काय निवडेल ते विचारू नका.

कोलकात्यातला_कोल्हापूरकर
राणीवर थेट उत्तर आमच्या गावात आहे. इथून जवळ मोहनपूरला आयसर कोलकाता ही विज्ञानसंस्था आहे, तिथे अनिंदिता भद्रा यांचा गट भटक्या कुत्र्यांवरच काम करतो. पिंजरा नाही, सगळं रस्त्यावर उभं राहून नोंदवायचं. मानबी पॉल आणि त्यांनी दाखवलंय की पिल्लं वाढतात तशी आई खाण्यात वाटणी कमी करते आणि अन्नावरून भांडण वाढतं. म्हणजे राणी नियमाने चाललीय. आणि एक गोड गोष्ट: काही ठिकाणी आजी, म्हणजे आईची आई, नातवंडांची राखण करताना दिसली.

यामागचं गणित रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७४ साली मांडलं. पिल्लाला आईकडून आईला परवडतं त्याहून जास्त हवं असतं, कारण आईला पुढचं वेतही बघायचंय. गल्लीत एका पोळीवर सहा तोंडं असताना तर भांडण होणारच.

मेधा_के
म्हणजे शेजारच्या आजी आणि कुत्रीची आजी यांत कुत्रीची आजी जास्त प्रेमळ.

निशाचर
मला एक खटकतंय. ऑक्सिटोसिन इतकं महत्त्वाचं असेल तर ज्या उंदरात ते मुळीच नाही, त्याचं काय होतं?

उंदीरमामा
चांगला प्रश्न. १९९६ साली ऑक्सिटोसिनचं जनुक काढलेले छोटे उंदीर तयार झाले. माद्या गाभण राहिल्या, वेळेवर व्यायल्या, पिल्लांना चाटलं, जवळ घेतलं. फक्त पान्हा सुटला नाही, आणि पिल्लं पोट रिकामं ठेवून मेली. ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिल्यावर पिल्लांना दूध मिळालं. डॉक्टरांच्या कासेचा मुद्दा इथे नेमका बसतो. आईपण एका खांबावर उभं नाही. मेंदूत पर्यायी वाटा आहेत. उदाहरणार्थ, हार्वर्डच्या कॅथरीन ड्युलाक यांच्या गटाने २०१४ साली त्याच प्रीऑप्टिक भागात गॅलॅनिन नावाचं रसायन असलेल्या पेशी दाखवल्या, ज्या चेतवल्या की पिल्लांना मारणारे नरही त्यांची निगा राखू लागतात.

अनुराधा_म
आणि "लक्षात राहतं का" हा प्रश्न? मला दुसऱ्या वेळी सगळं लवकर जमलं, म्हणून विचारते.

उंदीरमामा
उंदरात राहतं. विल्यावर पिल्लांजवळ थोडा वेळ जरी मिळाला असेल, तरी काही आठवड्यांनी नवी पिल्लं दिल्यावर ती मादी नवखीपेक्षा खूप लवकर कामाला लागते, तेव्हा विण्याचे हार्मोन नसले तरी. विल्याबरोबर पिल्लं काढून घेतली तर ही तयारी काही दिवसांत विरते. एक पायरी पुढे: मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी यांनी दाखवलं की पहिल्या आठवड्यात ज्या पिल्लांना आईने खूप चाटलं, त्या मुली मोठ्या होऊन आपल्या पिल्लांना खूप चाटतात. कमी चाटणाऱ्या आईची लेक भरपूर चाटणाऱ्या आईकडे वाढवली तर ती दुसरीसारखी होते. म्हणजे वारसा फक्त जनुकांतून नाही. २००४ साली त्यांनी दाखवलं की चाटण्याने पिल्लांच्या मेंदूत ताण आवरणाऱ्या एका जनुकावरच्या रासायनिक खुणा बदलतात.

सृजा
हे वाचून मी लेकीच्या केसांना तेल लावून आले.

रानमेवा
अवांतर विचारू का? आमची लॅब्रॅडोर कधीच व्यायलेली नाही. पण माजावर येऊन गेल्यानंतर दोनेक महिन्यांनी तिने माझा एक मोजा आणि मुलाचं रबरी बदक गादीखाली नेऊन ठेवलं, जवळ गेलं तर गुरगुरते, स्तन भरलेत आणि थोडं दूधही दिसलं. हे सगळं त्याच रसायनांचं आहे का? ऑपरेशन करून टाकावं का या आठवड्यात?

खडूस_काका
बदकाचं बारसं कधी?

डॉ_गोठा
रानमेवा, याला खोटं गर्भारपण म्हणतात, कुत्र्यांत नेहमीचं आहे. माजानंतर गाभण राहो न राहो, कुत्रीच्या अंगात प्रोजेस्टेरॉन जवळपास दोन महिने चढंच असतं. ते उतरलं की प्रोलॅक्टिन वाढतं, आणि मग पिल्लू नसलं तरी मोजा चालतो. मामांचा लायटर इथे रिकाम्या शेगडीवर पेटलाय.

बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत आपोआप जातं. स्तन दाबून दूध काढू नका, शेकू नका, तिला चाटू देऊ नका, त्याने दूध वाढतं. बदक आणि मोजा ती बाहेर फिरायला गेलेली असताना उचला, हिसकावून घेऊ नका, चावेल. स्तन लाल, गरम किंवा कडक झाले तर लगेच दाखवा. फारच त्रास असेल तर प्रोलॅक्टिन कमी करणाऱ्या गोळ्या असतात, पण त्या तपासून घेतल्याशिवाय देऊ नका. पोटात खरी पिल्लं नाहीत याची आधी खात्री लागते.

आणि या आठवड्यात ऑपरेशन नको. या अवस्थेत अंडाशय काढलं की प्रोजेस्टेरॉन एकदम पडतं आणि हेच लक्षण लांबू शकतं. दूध पूर्ण आटू द्या, मग तारीख ठरवा.

रानमेवा
धन्यवाद डॉक्टर. मोजा सोडून दिला, बदकाचं संध्याकाळी बघते.